पाण्यावर दिलेली लेक

आमच्या वडूजला त्या काळी पोरीचं स्थळ बघताना आधी विहीर बघत, मग नवरा. नवरा काळा असो, बुटका असो, विहिरीला बारमाही पाणी असलं की तो देखणा ठरायचा. माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, लग्न सांगलीला ठरलं तेव्हा आबांनी गावभर सांगितलं, "लेक पाण्यावर दिली." आणि विहीरबिहीर नाही, चांगली कृष्णा नदी. मागचं दार उघडलं की घाटाच्या पायऱ्या. आई कितीतरी दिवस उगीचच हसत असायची. मला मात्र राग आला होता, कारण आक्काच्या मागून माझा नंबर होता आणि उरलेल्या स्थळांत पाणी कुठंच नव्हतं. पुढं मला दिलं ते दहिवडीला. त्याबद्दल न बोललेलं बरं.

दुसरी मोठी लढाई चालू होती त्यातल्या एका पावसाळ्यात सांगलीत महापूर आला. घाटाजवळच्या गल्ल्या पाण्याखाली गेल्या. एकदा पाणी चढलं, उतरलं, लोक घरात परत आले आणि त्याच रात्री पुन्हा चढलं. आक्का वाचली. तिची नणंद गेली. ती बाळंतपणानंतर सासरहून चार दिवस विश्रांतीला म्हणून आली होती. तान्हं लेकरू माडीवर आजीपाशी होतं म्हणून राहिलं. तिचं प्रेत सापडलं नाही. मी पंचमीला माहेरी आले होते, आम्ही वडूजला बसून हे ऐकलं. त्या वर्षीही आमच्याकडं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. आई चुलीपुढं रडत होती आणि घरात हंडाभरच पाणी होतं.

दिवाळी झाली. मी पुन्हा माहेरी आले होते. एके दिवशी सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर आमच्या दारात उभा राहिला आणि आक्काच्या सासूचा निरोप जसाच्या तसा सांगून गेला: "तुमची लेक पुरापासनं माडीवरनं खाली उतरत न्हाई. यिऊन समजवा, न्हाईतर घिऊन जावा." घेऊन जावा, याचा अर्थ आमच्यात सगळ्यांना कळतो. न्यायला या, आठ-पंधरा दिवसांनी धाडा, असं नव्हे ते. एकदा तसं माहेरी आणून बसवलेली बाई पुन्हा नांदायला जात नाही, आणि नवरा दुसरी करून मोकळा होतो. आबांनी पटका डोक्याला बांधला. माझा नवरा पलटणीत, समुद्रापलीकडं होता. मला अडवणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, मी येणार. आक्काला कुणी समजावलं तर मीच, कारण लहानपणापासून तिचं सगळं भांडण माझ्याशीच झालेलं होतं.

मोटार कोळशावर चालायची, त्यामुळं चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. गाडीत खटाव-माणातली बरीच मंडळी होती आणि विचारलं तर जो तो एकच सांगे: "पूर बघाय चाललोय." मला वाटलं थट्टा करतात. पूर ओसरून किती दिवस झाले! पण खरंच, एवढं पाणी जिथं आलं ती जागा डोळ्यांनी बघायची म्हणून माणसं निघाली होती. आधी गणपतीचं दर्शन, मग संगमावर नावेत बसायचं, मग पुराची रेघ. माझ्याशेजारच्या म्हाताऱ्यानं ड्रायव्हरला चार वेळा विचारलं, "किती व्हतं वो पानी?" ड्रायव्हरनं आष्ट्याला चहा पिताना हात डोक्याच्या वर धरून दाखवला. म्हातारा त्या हाताकडं बघत राहिला आणि म्हणाला, "आमाला त्यातलं गुडघ्याएवढं दिलं आसतं तर काय बिघाडलं आसतं?" कुणी हसलं नाही. मलाही ते रास्त वाटलं.

सांगलीत उतरलो तेव्हा ऊन लख्ख होतं. दुकानांना चुना मारायचं काम चाललं होतं, चुरमुऱ्याच्या गाड्या लागल्या होत्या, टांगेवाले पाहुण्यांना ओढत होते. पूर्वी ओरडायचे, "गणपती, गणपती." आता ओरडत होते, "रेघ बघा, रेघ!" पाहुणे यायला लागलेत म्हटल्यावर गावानं हातपाय धुऊन कंबर कसली होती. आमचा टांगेवाला तर वाटेत थांबून थांबून दाखवायचा, जणू ते पाणी त्यानंच आणलं होतं.

रेघ पिवळी होती. हळद साठवायला हरिपूरच्या बाजूला जमिनीत खोल खड्डे केलेले असतात, त्यांना पेव म्हणतात. पुराचं पाणी काही पेवांत शिरलं आणि हळद उसळून बाहेर आली. ते पाणी भिंतींना लागून राहिलं, ओसरलं, आणि माझ्या डोक्याच्या हातभर वर सगळ्या घरांना एक मळकट पिवळा पट्टा ठेवून गेलं. चुना मारला तरी तो वर येत होता. नवरीच्या घराला बोटं लागावीत तशी अख्ख्या गल्लीला हळद लागली होती. मी टांग्यात बसून बघत गेले. शिंपी रेघेखाली बसून शिवत होता. न्हावी रेघेखाली दाढी करत होता. एक बाई रेघेखाली लेकराला पाजत होती. सगळं गाव बुडालेलं आहे आणि कुणाच्या ध्यानात येत नाही, असं मला वाटलं, आणि मी आबांच्या पटक्याचं टोक धरलं. मी लग्न झालेली बाई होते. तरी धरलं.

आक्काचं घर पाहुण्यांना उतरायला खोल्या देणारं. सासू विधवा, तोंडानं फटकळ, मनानं वाईट नाही. दाजी, म्हणजे आक्काचा नवरा, गरीब गाय. कुणी काही बोललं की गोठ्यात जाऊन उभे राहायचे. खालची मोठी खोली पाहुण्यांची होती. सासूनं आम्हाला पाणी दिलं आणि बसायच्या आधीच सुरू झाली. "पावनं यायला लागल्यात आवं. आमचं पोट त्याच्यावर हाय. पन खालच्या खोलीत कोन टिकंना. पुन्याकडनं एक जोडपं आलं, सकाळी उठून गेलं. का, तर म्हनं कोनतरी केस झाडतंय."

"केस?" आबा म्हणाले.

"न्हालेले केस पंच्यानं झाडत्यात तसं. फट, फट. मी म्हनलं, घाटावर बाया कपडं धुत्यात. तर म्हनं, आत वाजतंय." तिनं तोंड पुसलं. "आन वर ही बसलीया. पावन्यांनी इचारलं, वर कोन हाय, तर काय सांगू?"

मी त्या खोलीत डोकावले. शेणानं सारवलेली स्वच्छ जमीन, मधोमध पाट, पाटाभोवती रांगोळी, शेजारी भरलेला तांब्या. घरात कुणी जेवायला बसायच्या बेतात नव्हतं. मी सासूकडं बघितलं. "ती मांडाय लावती," सासू म्हणाली. "वरनं इचारती, पाट मांडला का? न्हाई मांडला तर जेवत न्हाई. तिचं मन राखाय मांडते." पण रांगोळीची बोटं मला दिसत होती. कुणाचं मन राखायला काढलेल्या रांगोळीत कुणी इतक्या बारीक वेली काढत नाही. लेकीसाठी काढतात.

माडीवर आक्का खिडकीपाशी बसली होती. वाळली होती, पण केस विंचरलेले, कुंकू ठसठशीत. वेडीबिडी काही दिसत नव्हती आणि त्यानंच मला धडकी भरली. नणंदेचं लेकरू तिच्या मांडीवर झोपलं होतं. मला बघून म्हणाली, "जाडी झालीस गं." मी म्हटलं, "आणि तू वाळलीस. चल खाली." ती म्हणाली, "बस आधी."

मग तिनं सांगितलं. पूर पहिल्यांदा ओसरायला लागला तेव्हा गल्लीतल्या सवाष्णी नदीची ओटी भरायला गेल्या. तिथली रीतच आहे ती. नदी दारापर्यंत आली म्हणजे माहेरवाशीण आली. तिला खण-नारळ द्यायचा, हळदकुंकू लावायचं आणि वाटेला लावायचं. नणंद आक्काला बरोबर घेऊन गेली. आक्कानं खण सोडला, नारळ सोडला, हात जोडले.

"आन काय म्हनलीस?" मी विचारलं.

"काय म्हननार? आपन म्हनतो तेच. परत या म्हनलं."

इथं मला आमच्या येरळेबद्दल सांगितलं पाहिजे. वडूजची येरळा नदी वर्षातले फार तर काही दिवस वाहते. ती आली की अख्खं गाव पळत जातं, बाया तिची ओटी भरतात आणि काकुळतीला येऊन म्हणतात, "परत ये गं बाई, लौकर ये." मीही म्हटलेलं आहे. ओटी भरली की कुणालाही हेच म्हणतात, नदीला काय नि माणसाला काय. जिभेला तेवढं एकच वळण. नदीला दुसरं काही म्हणायचं असतं, हे आमच्या सात पिढ्यांना माहीत नव्हतं.

"वन्संनी माझ्या तोंडावर हात ठिवला," आक्का म्हणाली. "म्हनल्या, आवं वैनी, हिला या म्हनायचं न्हाई. साऱ्या जगाला या म्हना, हिला जा म्हनत्यात. मग आमी दोघी लय हसलो. घरला आलो. जमीन वाळली व्हती, माडीवर उकडत व्हतं, म्हनून वन्सं खाली निजाय गेल्या." ती थांबली. लेकराच्या अंगावरचं पांघरूण तिनं सारखं केलं. "बोलिवल्यावर आली ती. तिचा काय दोष?"

मला राग आला. दुःख झालं की मला आधी राग येतो, तो स्वभाव अजून गेला नाही. मी तिला वेडी म्हणाले, अडाणी म्हणाले. वर डोंगरात पाऊस पडतो म्हणून खाली पूर येतो, तुझ्या "परत या"ला कोण विचारतं, म्हणाले. नवरा दुसरी करील, म्हणाले.

"मला ते ठावं हाय," ती म्हणाली. "पन मी खाली उतरू कशी? मागच्या दारानं पायऱ्या चढून आली, तर काय म्हनू? नदी आसली तर जा म्हनाय पायजे. वन्सं आसल्या तर या म्हनाय पायजे. दोघींची वाट एकच. केस मोकळं, अंग वलं. मला तोंड वळखू आलं न्हाई तर?"

पन्नास वर्षं होत आली, तिचा तो प्रश्न मी अजून घोळवते.

दुपारी सगळे आडवे झाले. आक्का वर लेकराला थोपटत होती. मला तहान लागली म्हणून मी खाली आले. मागचं दार बंद होतं, फटीतून उन्हाची तिरीप जमिनीवर पडली होती. कार्तिकातलं कोरडं ऊन. पण भिंतीवरच्या रेघेला घाम सुटला होता. पिवळे थेंब बारीक बारीक, रेघेच्या खालच्या कडेला. मी तांब्या उचलायला वाकले आणि फट असा आवाज झाला. मग पुन्हा. ओल्या केसांवर पंचा मारावा तसाच, सावकाश, एखादी बाई घाई नसताना मारते तसा. आवाज खोलीतच होता. मी पाटाकडं बघितलं. रांगोळी जशीच्या तशी होती. पाट ओला होता.

मी तांब्या टाकून जिना चढले. आक्का थोपटायची थांबली नव्हती. तिनं नुसतं विचारलं, "वाजलं न्हवं?" मी मान डोलावली. तिला बरं वाटलं असावं, कारण तिनं पहिल्यांदा माझा हात धरला.

दुसऱ्या दिवशी आबांनी सगळे उपाय केले. जिन्याखाली उभं राहून समजावलं, दरडावलं, शेवटी पटका काढून पायरीवर ठेवला. आमच्यात बाप लेकीपुढं पटका ठेवत नाही. "मी गावभर सांगितलं व्हतं, लेक पान्यावर दिली," एवढंच म्हणाले. आक्का वरच्या पायरीवर येऊन रडली, पण उतरली नाही. सासू म्हणाली, "ठेवायचीबी पंचाईत, धाडायचीबी पंचाईत." दाजी गोठ्यात जाऊन उभे राहिले. मोटारीची वेळ जवळ येत चालली.

तेव्हा मी खाली, दारात, फतकल मारून बसले. म्हटलं, "माझी ओटी भरा, मग मी उठते."

लग्न झालेली बहीण घरातून रिकाम्या पदरानं जात नाही, आणि ओटी देवासमोर भरायची असते. देव तर पूर ओसरल्यावर पुन्हा खाली मांडले होते. सासू विधवा, त्या काळच्या रीतीनं तिला ओटी भरता येत नव्हती. घरात सवाष्ण दोघी होत्या, त्यातली एक गेली. मी वर तोंड करून ओरडले, "आक्का, मोटार चुकली तरी चालंल. मी हितंच बसनार."

वर लेकराला खाली निजवल्याची चाहूल लागली. मग एक पायरी वाजली.

ती उतरली. भिंतीला हात लावून, एकेका पायरीवर थांबत. रेघेच्या बरोबरीला तिचा चेहरा आला तेव्हा तिनं, पाण्यात उतरताना घेतात तसा, मोठा श्वास घेतला. सासूनं गुपचूप सूप आणून ठेवलं: खण, नारळ, गहू, हळकुंड, सुपारी. आक्का माझ्यासमोर बसली, त्या पाटाच्या बाजूला. तिनं मला कुंकू लावलं. बोट बर्फासारखं गार होतं. मी पदर पसरला. तिनं ओंजळीनं गहू घातले, नारळ घातला आणि मग तिचे हात थांबले.

आता म्हणायचं असतं. सगळे त्या शब्दाची वाट बघत होते. मागच्या दाराला बाहेरून पाणी लागल्यासारखा बारीक आवाज येत होता, किंवा घाटावर कुणी धुणं आपटत असेल. आक्काचे ओठ हलत होते. तिनं एकदा दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"जा," ती म्हणाली. "जा बाई. आता हितं येऊ नगंस."

आबांनी "आगं" म्हटलं. सासूनं तोंडाला पदर लावला. सख्ख्या बहिणीला कुणी असं म्हणत नाही, वैरिणीलाही म्हणत नाही. पदरातला नारळ एकदम जड झाला. निघणारीनं "येते" म्हणायचं असतं. "जाते" म्हणालो की आई लहानपणी चटका द्यायची. जाते असं मेलेली माणसं म्हणतात. माझ्या जिभेवर "येते" आलेलंही होतं. पण मी आक्काकडं बघितलं आणि मला दिसलं की तिला जा म्हणता येतं का, एवढंच ती बघत नव्हती. जा म्हटल्यावर समोरचं खरंच जातं का, हे तिला बघायचं होतं.

मी म्हटलं, "जाते, आक्का."

उंबरा ओलांडला आणि मागं वळून बघितलं नाही. टांग्यात आबा पटका मांडीवर घेऊन बसले. मोटारीत आष्टा येईपर्यंत मी रडत होते. शेजारी पूर बघून परत चाललेली मंडळी रेघेच्या गोष्टी करत होती.

आक्का त्यानंतर माडीवर गेली नाही. तिनं त्याच संध्याकाळी पाट उचलून भिंतीला उभा केला, असं पुढं सासूनंच सांगितलं. खालच्या खोलीत पाहुणे उतरायला लागले, टिकायला लागले. नणंदेचं लेकरू तिनं वाढवलं. दाजींनी दुसरी केली नाही. आक्काच्या हातच्या भाकरीचं नाव झालं. फक्त लोक म्हणायचे, बाई सगळं प्रेमानं करते पण निघताना पुन्हा या म्हणत नाही, जा म्हणते. पाहुण्यांना ती तिची तऱ्हा वाटायची. हसून पुन्हा यायचे.

मी नाही गेले. ती वडूजला यायची, चार दिवस राहायची, आम्ही पहिल्यासारख्या भांडायचो. मला कधी तिनं सांगलीला बोलावलं नाही आणि मी कधी विषय काढला नाही. आई आम्हा दोघींना नावं ठेवून ठेवून गेली. येरळेला पाणी आलं की मी ओटी भरायला जायचे, पण हात जोडून गप्प उभी राहायचे. बाया म्हणायच्या, हिच्या तोंडाला काय झालं?

म्हातारपणी आक्का गेली, त्या दिवशी पाऊस होता. तिनं वाढवलेला तो मुलगा, आता पोराबाळांचा बाप, गाडी घेऊन दहिवडीला आला. म्हणाला, "मावशी, चला, तोंड बघून घ्या." गाडीचं दार उघडून उभा राहिला. माझं सामान काय, एक पिशवी. सुनेनं ती भरूनही दिली. मी अंगणापर्यंत गेले.

मग परत आले आणि पायरीवर बसले. त्याला वाटलं, म्हातारीला प्रवास झेपत नाही. मी त्याला तसंच वाटू दिलं. मी कशी जाणार होते? मी तिला "जाते" म्हणून आले होते.